भाग पहिला, पुरुष

मन्मथअप्पा बिराजदारांची आणि तुमची गाठ पडली असती, तर त्यांनी तुमचं नाव विचारलं नसतं. गाव नाही, पगार नाही, मुलंबाळं किती तेही नाही. प्रश्न दोनच. "शिक्षण?" आणि "जन्मसाल?" तुम्ही पदवीधर असलात, तर अप्पांनी डोळे मिटून तुमच्या जन्मसालात सत्तर मिळवले असते आणि पंचांग बघून सांगावं तसं सांगितलं असतं, "दोन हजार सव्वीस. तवर तुम्ही रेघेत हायत. पुढचं आपल्या हातात न्हाई." तुम्ही नुसते मॅट्रिक असलात, तर "मग तुम्हाला मर्यादाच न्हाई" म्हणून सुटका. आणि तुम्ही बाई असलात, तर त्यांनी दोन्ही हात जोडले असते. "माफ करा ताई, तुमचा भाग जुन्या जिल्ह्यात ऱ्हायलाय."

माझ्या लग्नात त्यांनी टॉवेल-टोपीचा आहेर केला, अक्षता टाकल्या आणि भर मांडवात माझ्या सासऱ्यांना सांगितलं, "जावई दोन हजार अठ्ठावीसपर्यंत पक्का हाय, फिकीर करू नका." सासऱ्यांना वाटलं, हे कोणी मोठे ज्योतिषी. त्यांनी तिथल्या तिथे धाकट्या मुलीची पत्रिका आणायला माणूस पिटाळला.

हे काय प्रकरण होतं ते सांगायचं, तर नव्या जिल्ह्यापासून सुरुवात करावी लागेल.

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा आमच्या सांख्यिकी कार्यालयाच्या सामानाची वाटणी झाली. भावाभावांत होते तशीच झाली, म्हणजे न्याय पुरेपूर आणि अक्कल कमी. टंकलेखन यंत्र आम्हाला आलं, त्याचं झाकण जुन्या जिल्ह्याकडे राहिलं. कपाट त्यांच्याकडे, किल्ली आमच्याकडे. ज्या पुस्तकाचे दोन भाग होते, त्याचा एक भाग त्यांना आणि एक आम्हाला. कुणी काही म्हणू नये म्हणून यादीवर दोन्हीकडच्या सह्या घेतल्या होत्या. या वाटणीत अप्पांच्या टेबलावर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक येऊन पडलं. फिनलंड नावाच्या देशात उच्च शिक्षण घेतलेली माणसं पुढच्या पन्नास वर्षांत किती होतील, याची अनुमानं. भाग पहिला, पुरुष. भाग दुसरा, म्हणजे समस्त फिनलंडच्या शिकलेल्या बायका, जुन्या जिल्ह्याच्या कपाटात राहिल्या. त्या कपाटाची किल्ली आमच्याकडे होती.

हे पुस्तक मराठवाड्यात आलंच कसं, हे कुणालाही सांगता आलं नाही. पण सरकारी शिक्का होता, नोंद होती, म्हणजे ते सांभाळणं आलं. अप्पा स्वतः मॅट्रिक. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, आणि मग त्यांना वाटलं, ह्यांचं हे असं, तर आपलं काय? जनगणनेची पुस्तकं काढून त्यांनी आपल्या देशाचा तसाच हिशेब मांडायला घेतला. शंभर पुरुषांत शिकलेले किती, दहा वर्षांनी किती, वीस वर्षांनी किती. सत्तरीच्या पुढच्या माणसाला ते पुस्तक मोजत नव्हतं, म्हणून अप्पाही मोजत नसत. लोकांना सालं सांगायची खोड तिथून लागली.

मी नांदेडचा. नोकरीला लागून लातूरला रुजू झालो तेव्हा कार्यालय एका डाळमिलच्या मागे भाड्याच्या माडीवर होतं. आत पाऊल टाकलं तर समोरच्या भिंतीवर आलेखाचे कागद खळीने चिकटवलेले. वर एक निळी रेघ, ती फिनलंडची. खाली एक काळी रेघ, ती आपली. काळी रेघ हळूहळू वर चढत होती. अप्पांना एवढंच बघायचं होतं की ती निळीला कधी गाठते. कागद संपले तेव्हा त्यांनी रेघा भिंतीवर ओढल्या. कपाट आडवं आलं तेव्हा कपाटावरून नेल्या. तरी गाठ पडेना, आणि मग खिडकी आली.

"मग कुठं भेटतात?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

अप्पांनी मला खिडकीशी नेलं आणि खालच्या आवारात बोट दाखवलं. डाळमिलवाल्याची कडब्याची गंज होती, तिच्या अलीकडे एक खुंटी ठोकलेली. "तितं. सुतळी लावून मोजलंय म्या. पर दुष्काळ हाय, कडबा संपत आला का खुंटी कुनी तरी जळनाला उपटतंय. दर म्हैन्याला नवी ठोकावं लागती."

दुष्काळ तर होताच. त्या सालात लातुरात आंघोळ ही सणासारखी ठरवून करायची गोष्ट झाली होती. आमचं खरं काम टँकरच्या खेपा मोजण्याचं. कुठल्या गावाला किती गेले, किती रिकामे परतले. अप्पा ते काम चोख करत आणि जेवणाच्या सुट्टीत फिनलंडला जात. "त्या देशात तळीच तळी हायत म्हणं," ते भाकरी मोडताना म्हणत. "शिकायला काय जातंय मग? घागर घिऊन कुनाला हिंडायचंय!"

एकदा वरून मोठे साहेब टंचाईची पाहणी करायला आले. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांची नजर भिंतीवर गेली. "अरे वा! वरची रेघ पाण्याची मागणी आणि खालची पुरवठा, असंच ना?"

आमच्या कार्यालयप्रमुखांना घाम फुटला. ते "हो साहेब" म्हणून बसले.

"आणि पुरवठा मागणीला गाठणार कधी?"

आता उत्तर अप्पांनी दिलं, कारण आकड्यांच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नेम होता आणि प्रश्न तर रेघांचाच होता. "खिडकीच्या भाईर, साहेब. आपल्या हयातीत न्हाई."

साहेब गंभीर झाले. इतका स्पष्ट बोलणारा कर्मचारी आपण पाहिला नाही, असं म्हणाले आणि जिल्ह्याला जादा टँकर मंजूर करून गेले. फिनलंडच्या पदवीधरांच्या कृपेने दोन-चार गावांना पाणी मिळालं, पण हे श्रेय त्यांना कुणी कळवलं नाही.

जाता जाता साहेबांनी ते पुस्तकही चाळलं आणि विचारलं, "याचा दुसरा भाग?"

"तो वाटणीत तिकडं गेला."

"मग मागवून घ्या. एक पत्र टाकलं की झालं."

अप्पांचा चेहरा एकदम बंद झाला. "वाटणी झाली की झाली साहेब. मागायचं न्हाई," ते म्हणाले. नंतर मीही दोनदा मसुदा लिहून दिला. त्यांनी तो न वाचता माझ्या टेबलावर परत ठेवला. माणूस विक्षिप्त आहे हे माहीत होतं, तेव्हा मी नाद सोडला.

माझा खरा वैताग वेगळाच होता. दर शनिवारी मी बसने नांदेडला घरी जायचो आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत यायचो. चार तास धूळ खाऊन मी माडी चढलो की पिशवी खाली ठेवायच्या आत अप्पांचा प्रश्न यायचा. "काय देगलूरकरसाहेब, नांदेडचे पदवीधर कसे हायत?"

पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्यांदा म्हणालो, मजेत आहेत. मग दर सोमवारी तेच. आई कशी आहे, बस वेळेवर मिळाली का, नांदेडला नळ येतो का, काही नाही. नांदेडचे पदवीधर! मी काय त्यांची हजेरी घेऊन येत होतो? कधी म्हणायचो, गोदावरीच्या घाटावर बसलेत. कधी म्हणायचो, नोकरी मिळत नाही म्हणून रडतायत. काहीही सांगितलं तरी अप्पा मान हलवायचे, "म्हंजे ठीक हायत," म्हणायचे आणि भिंतीशी जाऊन तांबड्या पेन्सिलीने काळ्या रेघेवर काहीतरी करायचे. जवळ जाऊन पाहिलं तर एक बारीकसं टिंब.

"हे काय?"

"नमुना हाय. एवढ्या मोठ्या रेघंत एक माणूस आपल्या वळखीचा असावा म्हून."

असं दीड वर्ष चाललं. त्या उन्हाळ्यातल्या एका सोमवारी अहमदपूरच्या पुढे आमची बस दोन वेळा बंद पडली. घशाला कोरड, डोकं तापलेलं, आणि माडी चढतोय तोच, "काय देगलूरकरसाहेब, नांदेडचे..."

"एक कमी झाला," मी म्हणालो.

अप्पा थांबले. "कोन?"

"शाळामास्तर होते. बी.एस्सी." मी सहज ठोकून दिलं. नांदेडात त्या काळी कुठलाही दगड भिरकावला तरी बी.एस्सी. झालेल्या मास्तरालाच लागायचा.

"वय?"

"असतील चाळीशीचे."

"विषय?"

"गणित," मी म्हणालो, आणि माठाकडे पाणी प्यायला गेलो. मला हसू येत होतं. आता अप्पा भिंतीवर काय खोडतात ते बघू, असं म्हणून मी वळलो, तर ते काही खोडत नव्हते. तांबडी पेन्सिल त्यांनी टेबलावर नीट ठेवली. डब्याची पिशवी उचलली. डोक्यावर टोपी घातली, ती उलटी. आणि जिना उतरले. सबंध नोकरीत ज्या माणसाने रजेचा अर्ज केला नव्हता, तो कामाच्या दिवशी साडेअकराला निघून गेला.

"क्या बोले साब तुमी अप्पाला?" आमचे शिपाई पाशाभाई दारात उभे होते. पाशाभाई अप्पांच्याच गावचे, देवणीकडचे. मी गंमत सांगितली. पाशाभाई हसले नाहीत.

"त्याचा भाऊ हाय की नांदेडला," ते म्हणाले. "बसवराज. बी.एस्सी. गनिताचा मास्तर. चाळीसचाच आसंल."

मग त्यांनी मला सांगितलं. वडील गेल्यावर धाकट्या बसवराजला अप्पांनीच शिकवलं. स्वतः मॅट्रिकवर थांबून, कारकुनाच्या पगारात, नांदेडला खोली घेऊन. घराण्यातला पहिला पदवीधर. पुढे रीतीप्रमाणे वाटणी झाली. जमीन निम्मी, घर निम्मं, भांडी मोजून. शेवटी राहिली देवणी बैलांची एक जोडी. गावात अशी जोडी नव्हती. पंच म्हणाले, जोडी कुणी तरी एकाने घ्या. अप्पांच्या मनात होतं, तू घे म्हणावं. बसवराजच्याही मनात तेच होतं. पण दोघेही, समोरच्याने आधी म्हणावं म्हणून खाली मान घालून बसले. कुणीच बोलेना. शेवटी पंच कंटाळले आणि एक बैल याला, एक बैल त्याला देऊन उठले.

"येका बैलाचं क्या करना साब?" पाशाभाई म्हणाले. "ना नांगर, ना गाडी. मास्तरनं शहरात कुठं बांधावं? त्यानं इकून टाकला. तवापासून दोघं बोलत न्हाईत. सा वर्सं झाली. अप्पाचा बैल हाय अजून गावात. येकटाच."

मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही. स्टँडवर पोचलो तर नांदेडची गाडी नुकतीच सुटली होती. दुसरी तासाभराने. पाशाभाईंनी पत्ता दिला होता, चिखलवाडीतली एक गल्ली. चार तास मी खिडकीशी बसून एकच विचार करत होतो, की हा माणूस पुढच्या गाडीत बसून सहा वर्षांचं न बोलणं घेऊन मेलेल्या भावाकडे निघालाय आणि ते माझ्यामुळे. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

ऊन कलतं झालं होतं. गल्लीत शिरलो आणि लांबूनच अप्पा दिसले. एका घराच्या ओट्यावर, पिशवी मांडीवर घेऊन, टोपी अजून उलटीच. आत उघड्या दाराशी बनियनवर एक माणूस उत्तरपत्रिका तपासत बसलेला. तोंडवळा थेट अप्पांचा, फक्त चष्मा जास्तीचा. उंबऱ्यात एक बाई पदर सावरून उभी होती. ओट्यावर चहाचा कप होता, त्यावर साय धरलेली.

बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुम्ही यांच्या दप्तरातले का? भावजी चार वाजल्यापासून बसलेत. आले, यांच्याकडं बगितलं, खाली बसले. कामून आले ते सांगंनात. हे विचारंनात. चहा बी घेईनात."

सांगणार कसे? जित्याजागत्या माणसाच्या दारात, तू मेलास म्हणून ऐकलं, असं कोण म्हणेल? मी ओट्यासमोर उभा राहिलो आणि हात जोडून सगळं सांगून टाकलं. की मी खोटं बोललो. की मला काही ठाऊक नव्हतं. की नांदेडचा एक गणिताचा मास्तर गेला असं मीच, थट्टेत, सांगितलं.

मास्तरांच्या हातातली लाल पेन्सिल थांबली. त्यांनी सहा वर्षांत पहिल्यांदा भावाकडे सरळ पाहिलं. "म्हणून आलास?"

अप्पांनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. मग म्हणाले, "तुझं साल दोन हजार पंधरा हाय. त्याच्या आदी जायचं न्हाई."

"आं?"

"पुस्तकात हाय तसं."

"कुठल्या पुस्तकात?"

"फिनलंडच्या," अप्पा म्हणाले.

मास्तर चष्मा काढून माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली, की हो, खरं आहे. मग अप्पांनी पिशवीतून डब्याखालची वही काढली. ती वही ते कायम जवळ बाळगत. निळी रेघ, काळी रेघ, कडब्याची गंज, खुंटी, सगळं सांगितलं. मास्तर ओट्यावर येऊन बसले. सुरुवातीला हातभर अंतर ठेवून, मग आकडे दिसेनात म्हणून जवळ.

"हे चुकलंय," मास्तर म्हणाले.

"काय चुकलंय? लई शाना झालास!"

"अण्णा, तू दर दहा वर्षाला तेवढेच पोरं धरून राहिलास. आता गावोगाव शाळा झाल्यात. माझ्या एका वर्गात साठ बसतात. हा चढ सरळ न्हाई, वाकडा हाय, वर जातंय ते. आणि त्यांचं बघ. ते तर वर टेकलेत. ते किती चढतील अजून?"

"म्हंजे?"

मास्तरांनी एका उत्तरपत्रिकेची कोरी पाठ घेतली आणि लाल पेन्सिलीने मांडायला लागले. कुण्या पोराची ती नववीची बीजगणिताची उत्तरपत्रिका होती. अप्पा दर ओळीला हरकत घेत होते, मास्तर दर हरकतीला "अण्णा, थांब की जरा" म्हणत होते. बाईंनी पहिला चहा ओतून दिला आणि दुसरा आणला. तो दोघांनी बशीत ओतून फुर्र केला, न बघता, एकाच वेळी. मी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होतो. सहा वर्षांनी भेटलेल्या भावांनी आई-वडिलांचं, शेताचं, बैलांचं एक अक्षर काढलं नाही. ते फिनलंडवरून भांडत होते, आणि अप्पांचा आवाज इतका मोकळा मी कधी ऐकला नव्हता.

शेवटी मास्तरांनी दोन रेघा ओढून एका ठिकाणी गोल केला. "हे बघ. तुझी खिडकी कुठून सुरू होती?"

अप्पांनी बोट ठेवलं.

"मग हे भिंतीतच भेटतात. खिडकीच्या भाईर जायचं कामच न्हाई."

अप्पांनी तो गोल बोटाने गिरवला. मग एकदम उपरणं तोंडाला लावलं आणि म्हणाले, "दोनी तूच घे म्हनायचं हुतं मला त्या दिशी."

"म्हाईत हाय," मास्तर म्हणाले. "मला बी तेच म्हणायचं होतं."

मी तिथून निघून आईकडे गेलो. त्या आठवड्यात अप्पांनी आयुष्यातली पहिली रजा घेतली, चार दिवसांची, तीही तारेने.

ते परत आले ते टोपी सरळ घालून. भिंतीवरच्या रेघा खोडून नव्या चढाने ओढल्या, आणि त्या खरंच खिडकीच्या वीतभर अलीकडे, पाण्याच्या माठाच्या वर, भेटल्या. खालची खुंटी पाशाभाईंनी उपटून चुलीत घातली. मग अप्पांनी कोरा कागद घेतला आणि जुन्या जिल्ह्याला पत्र लिहिलं, की भाग दुसरा कृपया पाठवावा, सोबत कपाटाची किल्ली जोडत आहे. पंधरा दिवसांत फिनलंडच्या बायका लातुरात आल्या. बरोबर टंकलेखन यंत्राचं झाकणही आलं, न मागता.

त्यानंतर सोमवारचा प्रश्न बंद झाला. मास्तरांची पत्रं येत, बहुतेक आकडेच असत, मग विचारायचं कारण उरलं नव्हतं. मी माडी चढायचो, अप्पा मान वर करून बघायचे आणि परत टँकर मोजायला लागायचे. खरं सांगतो, मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. एका सोमवारी मीच म्हणालो, "अप्पा, नांदेडचे पदवीधर ठीक आहेत."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. पण उठले, तांबडी पेन्सिल घेतली आणि भिंतीशी गेले.

मी त्यांच्या मागे जाऊन पाहिलं. काळ्या रेघेवर आता दर सोमवारच्या जागी शेजारी शेजारी दोन टिंबं होती. दुसरी टिंबं मागच्या बऱ्याच सोमवारांपासूनची दिसत होती, आणि एका ठिकाणी, जिथे बस बंद पडून मी मंगळवारी पोचलो होतो, तिथे सोमवारच्या जागी एक बारीक प्रश्नचिन्ह होतं. ते नंतर खोडलं होतं.

"हे दुसरं कुणाचं?" मी विचारलं.

"नमुना हाय," अप्पा मागे न वळता म्हणाले. "दोन हजार अठ्ठावीसवाला. बसनं लई हिंडतंय त्ये, म्हून नजर ठेवावं लागती."